दोन्ही पायांची परीक्षा

शाळेचा खो-खोचा संघ निवडताना बहुधा सगळ्यांना पळवून पाहतात. जो पुढे, तो संघात! माझ्या मते ही परीक्षा अपुरी आहे. खो-खोत सरळ पळणे थोडे. एकदम थांबणे, वळणे, खांबाकडे झेपावणे जास्त. तेव्हा साऱ्या अंगाचा भार एकाच पायावर येतो. तो पाय कच्चा असेल तर गुडघा दुखावण्याची भीती असते.

म्हणून प्रत्येक पाय वेगळा तपासावा. एका पायावर लांब उडी मारा आणि त्याच पायावर न डगमगता उतरा. अंतर टेपने मोजा. मग दुसरा पाय. समजा, उजव्याची उडी 150 सेंटिमीटर भरली आणि डाव्याची 120, तर डावा उजव्याच्या 80 टक्केच झाला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खेळाडूला मैदानात पाठवताना साधारणपणे किमान 90 टक्के पाहतात.

आता एका पायावर उभे राहून डोळे मिटा (भिंतीजवळच बरे!). लगेच डोलू लागाल. तोल सांभाळायला कानाचा आतला भाग आणि स्नायू यांच्याबरोबर डोळेही लागतात.

जो कमी पडेल त्याला मात्र घरी पाठवू नये. त्याच्याकडून काही आठवडे उठाबशांचा सराव करून घ्यावा आणि पुन्हा मोजावे. अमेरिकेच्या रे यूरीला लहानपणी पोलिओ झाला होता. त्याने पायांचा व्यायाम सोडला नाही. जागेवरून मारायच्या उड्यांत त्याने 1900 ते 1908 या काळात ऑलिंपिकची 8 सुवर्णपदके जिंकली.