सुजलेली पापणी आणि हातचे तास

तान्ह्या बाळाचा डोळा लाल दिसला की ‘डोळे आले असतील’ असे घरोघरी म्हटले जाते. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण बाळ अकाली जन्मलेले, फार कमी वजनाचे, तीव्र कुपोषित किंवा कर्करोगावर उपचार घेणारे असेल, तर पापणीची सूज हा मोठ्या आजाराचा इशारा असू शकतो. अशा बाळाची प्रतिकारशक्ती तोकडी असते. खरचटणे, कीटकदंश किंवा साधी सर्दी यांतून स्टॅफिलोकोकस, न्यूमोकोकस यांसारखे जिवाणू पापणीत आणि पुढे डोळ्याच्या खोबणीत शिरतात. स्युडोमोनास तर पापणीचे मांसच कुजवतो. कातडीवर काळा डाग पडतो. संसर्ग रक्तात किंवा मेंदूपर्यंत पोहोचला, तर दृष्टीच नव्हे, जीवही जातो.

फसगत अशी, की अशक्त बाळाला ताप येईलच असे नाही. उलट अंग गार पडते. पापणी सुजून मिटली, डोळा पुढे आला, बुबुळ फिरेनासे झाले, बाळ दूध ओढेना, तर थांबू नये. काजळ, डोळ्यात आईचे दूध किंवा दुकानातून परस्पर आणलेले थेंब यांत वेळ घालवू नये. येथे शिरेतून प्रतिजैविके लागतात. कधी पू काढण्यासाठी शस्त्रक्रियाही.

शिरूर तालुक्यातील केंदूरसारख्या गावाला असे उपचार पुण्यात मिळतात. रस्ता लहान करता येत नाही. निर्णयाला लागणारा वेळ कमी करता येतो. आशाताई जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या भेटींत डोळे दाखवा. केंद्राच्या २०१४ च्या सूचनांनुसार, दोन महिन्यांपर्यंतच्या बाळात गंभीर संसर्गाची चिन्हे दिसल्यास आरोग्यसेविका रुग्णालयात पाठवण्यापूर्वी जेंटामायसिन आणि अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊ शकते. ही औषधे उपकेंद्रात शिल्लक आहेत का आणि सेविकेला ते प्रशिक्षण मिळाले आहे का, हे आरोग्य विभागाने तपासायला हवे.

वर्षाच्या आतील आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि वाहन मोफत आहे. पेंटाव्हॅलेंट आणि न्यूमोकोकल लसीही मोफत मिळतात. त्या वेळेवर घेतल्यास या संसर्गामागचे काही जिवाणू रोखता येतात. सोयी कागदावर आहेत. त्या रात्री-अपरात्री बाळापर्यंत पोहोचतात का, यावरच त्याचा डोळा वाचणे अवलंबून आहे.