मालकी रयतेची, हिशेब सरकारचा

उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. पुढे साऱ्याची फेरआकारणी होऊ लागली, तेव्हा जमिनी वंशपरंपरेच्या व सारा कायमचा ठरलेला, असा मूलवर्गदारांचा दावा मुंबई हायकोर्टापुढे गेला. कोर्टाने १८७५ साली जमिनीची खासगी मालकी मान्य केली; परंतु सारा वाढविण्याचा सरकारचा अधिकारही कायम ठेविला. सरशी सरकारचीच झाली. तथापि लगेच १८७६ च्या दहाव्या कायद्याने साऱ्याच्या आकाराविषयीचे सरकारवरील दावे दिवाणी कोर्टांच्या अधिकाराबाहेर काढिले! जिंकणाऱ्याने न्यायाचे दार का लावावे? जो सावकार आपली वही दुसऱ्यास तपासू देत नाही, त्याच्या बाकीवर कोणता व्यापारी विश्वास ठेवील? दाद मागता येत नाही, ती मालकी नावाचीच होय.