दप्तर संगणकात गेले. पण आमची नोंद सापडेल का?

महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या मुलाला जातीचा दाखला काढायचा, तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. भटक्या-विमुक्तांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचे नाव शाळेच्या रजिस्टरात किंवा कोतवाल बुकात सापडले तर नातवाची राखीव जागा टिकते. म्हणून अभिलेख कक्षातील संगणक हा आमच्या हक्काचा प्रश्न आहे.

हे कागद जीर्ण झाले आहेत, काही मोडीत आहेत. वाळवी आरक्षणाची वाट पाहत नाही! तेव्हा स्कॅनिंग हवेच. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला मान्यता दिली. मग अभिलेखपाल अजूनही का कचरतो? त्याला आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण काम बाहेरच्या ठेकेदाराला, प्रशिक्षण कुणालाच नाही आणि पान हरवले तर जबाबदारी मात्र अभिलेखपालाची, असा व्यवहार असेल तर यंत्रावर विश्वास बसणार कसा?

खरी मेख आहे ती सूचीत. स्कॅन म्हणजे पानाचा नुसता फोटो. त्याला नाव, गाव, सालाची सूची जोडली नाही, तर ते बंद कपाटच. जुन्या नोंदीत पुष्कळदा आडनाव नसते. नाव, बापाचे नाव आणि जात एवढेच असते. आडनावाचा रकाना सक्तीचा केला की आमचा आजोबा संगणकातून गायब! ही खोच दप्तरात आयुष्य घालवलेल्या माणसाला कळते. यंत्र आणण्याआधी त्याला विचारले, तर तोच ते आपलेसे करील.

आमची मागणी स्पष्ट आहे. सूची अभिलेखपालाच्या देखरेखीखाली व्हावी. मोडी जाणणाऱ्यांना कामावर घ्यावे. स्कॅन झाले म्हणून मूळ कागद रद्दीत जाता कामा नये. वीस वर्षांपूर्वीची सीडी वाचायला आज यंत्र शोधावे लागते, हे विसरू नका.

आणि बांधवांनो, सारे सरकारवर सोडून चालणार नाही. 'मूकनायक' १९२० साली निघाला तो आपले म्हणणे आपणच नोंदवावे म्हणून. आपल्या तरुणांनी मोडी शिकावी, संगणक शिकावा आणि त्या अभिलेख कक्षात हक्काने शिरावे. दप्तराची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्याच हाती उद्याचा पुरावा!