बेसिलचे फाजील लाड नकोत

घरच्या कुंडीत बेसिल लावणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते. रोप हिरवेगार, पाने मोठमोठी, पण स्वाद नाही. मग आणखी खत, आणखी पाणी. बिघडते ते नेमके इथेच. बेसिलच्या पानावर अतिसूक्ष्म ग्रंथी असतात आणि सुगंधी तेल त्यांत साठते. पान चुरगळताच दरवळ सुटतो तो या ग्रंथी फुटतात म्हणून. भरपूर उन्हात वाढलेल्या पानात हे तेल अधिक तयार होते. नत्र गरजेपेक्षा जास्त मिळाले, की पान नुसते पसरते, पाणचट होते. सुरुवातीला मातीत थोडे शेणखत किंवा गांडूळखत मिसळले, की पुढे युरियाचे नाव काढू नये, आणि वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी घालू नये. पानाचा आकार ही स्वादाची खूण नाहीच. इटलीतल्या जेनोआच्या बेसिलला युरोपीय संघाने २००५ मध्ये भौगोलिक संरक्षण दिले; तिथे पेस्टो या बेसिलच्या चटणीसाठी रोपे कोवळी, लहान पानांची असतानाच उपटतात.

उन्हाइतकेच महत्त्व खुडण्याला. रोप वीतभर झाले, की पानांच्या एका जोडीच्या वर शेंडा खुडावा. त्या जोडीच्या बगलांतून दोन फुटवे येतात. ते वाढले, की त्यांचेही शेंडे खुडावेत. मंजिरी दिसताच काढून टाकावी, कारण एकदा रोप बी धरू लागले, की नवी पाने कमी आणि बारीक येतात, चवही कडवट होते. यावर अनेकांना वाटते, की तुळशीच्या गोतातले झाड असे सारखे कसे ओरबाडायचे? पण तुळशीच्या मंजिरी खुडून आपण विठ्ठलाला वाहतोच. खुडण्याने झाड दुखावत नाही, दाट होते.

बेसिल हे परदेशी चोचले आहेत, हा आक्षेपही टिकत नाही. फालुद्यात आपण जो सब्जा घालतो, तो याच जातीच्या झाडाचे बी. शतकानुशतके आपण बी खाल्ले आणि पानाकडे दुर्लक्ष केले, याची मला खरोखर हळहळ वाटते. वाणावाणात वास मात्र बदलतो. किराणा दुकानातला सब्जा पेरला, तर पानांना अनेकदा बडीशेपेकडे झुकणारा वास येतो; पेस्टोचा स्वाद हवा असेल तर जेनोव्हीज वाणाचेच बी घ्यावे. मधमाश्यांसाठी आणि पुढच्या बियाण्यासाठी एक झाड फुलू द्यावे, बाकीची पानांसाठी ठेवावीत.

खरी अडचण शहरातल्या सावलीच्या बाल्कन्यांची आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पाच-सहा तास थेट ऊन येत नसेल, तर कितीही काळजी घेतली तरी स्वाद फिकाच राहणार. तिथे पुदिना लावावा, त्याला अर्धी सावली चालते. पावसाळ्यात कुंडीत पाणी तुंबून मुळे कुजतात, तेव्हा पेरणी पाऊस ओसरल्यावरच करावी.

खुडलेली पानेही जपावी लागतात. फ्रिजच्या थंडीत ती काळी पडतात. देठ पाण्यात बुडवून ओट्यावर ठेवा, आणि पदार्थात घालायची ती गॅस बंद केल्यावर.