महाग मायक्रोफोनआधी खोलीकडे पाहा

२०२०च्या टाळेबंदीत ऑडिओबुक, पॉडकास्ट आणि जाहिरातींचे बरेचसे निवेदन स्टुडिओतून घरच्या संगणकावर आले. स्टुडिओचे भाडे वाचले, पण आवाजाच्या दर्जाची जबाबदारी निवेदकावर पडली. ‘आवाज घुमतो’ म्हणून काम परत आले, की पहिला खर्च होतो तो महागड्या मायक्रोफोनवर. दोष बहुधा खोलीत असतो.

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ३ मीटरवरच्या भिंतीवर आदळून तो १७-१८ मिलिसेकंदांत परततो आणि मूळ शब्दात मिसळतो. चांगला मायक्रोफोन हेही इमानाने टिपतो. त्याचे तोंड निवेदकाकडे असते, म्हणून जाड गोधडी निवेदकाच्या पाठीमागे टांगावी. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून फारसे काही साधत नाही. मायक्रोफोनचे अंतर निम्मे केले, तर थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. खोलीचा जवळपास तेवढाच राहतो.

सध्या भिस्त आहे ती गोंगाट पुसणाऱ्या एआय सॉफ्टवेअरवर. पंख्याची घरघर ते सफाईने काढते. पण ‘ख’, ‘थ’मधला महाप्राण हा श्वासाचा खरखरीत झोतच असतो, मात्रा जास्त झाली, तर तोही पुसला जाऊ शकतो आणि ‘खरा’चा ‘करा’ होतो.

असे मुद्रण तपासताना हेडफोनचा आवाज वाढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मर्यादा फक्त ४ तासांची.