सही कोणाची, जमीन कोणाची?

१ जानेवारी जवळ आला की दरवर्षी काही लोकांच्या पोटात दुखायला लागतं. "कोरेगावला तुम्ही इंग्रजांकडून लढलात, मग तुम्ही देशाचे कसे?" आपल्या पोरांना हा सवाल कॉलेजात विचारतात, टपरीवर विचारतात. काही पोरं मान खाली घालतात. काहून बे? मान खाली घालायचं कारण काय?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात या सवालाला आणखी एक शेपूट आहे. एप्रिल १८१८ मध्ये दुसरा बाजीराव पांढरकवड्याजवळ इंग्रजी फौजेकडून हरला आणि पळाला. "तिथं आपलं राज्य बुडालं" असं मोठ्या दुःखाने सांगतात. मी एवढंच विचारतो, आपलं म्हणजे कोणाचं?

जवाब द्यायला मी तुम्हाला अमेरिकेत नेतो. कारण इंग्रजांशी लढून स्वातंत्र्य घेतलं, याचा सर्वात मोठा डंका त्या देशाने पिटला. तो डंका आत किती पोकळ होता, ते पाहू.

साल १८०३, महिना डिसेंबर. १७ तारखेला देवगावचा तह झाला. अडगावची लढाई आणि गाविलगड हरलेल्या नागपूरकर भोसल्याने कटक सोडलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही सोडला. इंग्रजांनी तो निजामाच्या पदरात टाकला. आपला जिल्हा याच मुलखातला. बरोबर तीन दिवसांनी, २० डिसेंबरला, न्यू ऑर्लिन्समध्ये फ्रान्सने लुइझियाना अमेरिकेच्या ताब्यात दिलं. सौदा दीड कोट डॉलरचा. अमेरिकेचा नकाशा जवळजवळ दुप्पट झाला. राष्ट्राध्यक्ष होता थॉमस जेफरसन.

इथं गोंड, कोलाम, महार, मांग यांना कोणी विचारलं? तिथल्या आदिवासींना कोणी विचारलं? दोन्ही कागदांवर सह्या राजांच्या आणि त्यांच्या वकिलांच्या. जमिनीवर जगणारा माणूस जमिनीसोबत विकला गेला, बैलासोबत कासरा जातो तसा.

आता नेपोलियनने एवढा मुलूख विकला का, ते ऐका. हैती बेटावर १७९१ पासून काळे गुलाम उठले होते. त्यांना पुन्हा बेडीत घालायला नेपोलियनने फौज पाठवली. गुलामांच्या लढ्याने आणि पीतज्वराने ती फौज संपली. बेट गेलं, मग अमेरिकेतला मुलूख ठेवून करायचं काय? १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. म्हणजे जेफरसनच्या पदरात जे पडलं, ते गुलामांच्या रक्ताने पडलं. आणि सर्व माणसं समान जन्मतात असं जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या या गृहस्थाने काय केलं? हैतीला मान्यता दिली नाही. अमेरिकेने ती दिली १८६२ साली. जेफरसनने स्वतः आयुष्यभरात सहाशेच्या वर माणसं गुलाम म्हणून बाळगली. अमेरिकेच्या पहिल्या बारा राष्ट्राध्यक्षांपैकी दहा जणांनी कधी ना कधी गुलाम बाळगले. दोन ॲडम्स बापलेक तेवढे वेगळे.

हे निवडून कसे येत? १७८७ च्या घटनेत एक हिशोब होता. प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. गुलामाला मत नाही, पण त्याच्या डोक्याच्या मोजणीवर मालकाच्या राज्याला जास्त जागा, राष्ट्राध्यक्ष निवडतानाही जास्त मतं. १८०० च्या निवडणुकीत जेफरसनला ७३ आणि जॉन ॲडम्सला ६५ मतं पडली. गुलामांच्या डोक्यांवरची मतं वजा केली तर बाजी उलटण्याचाच संभव होता. पुणे करार आठवा. १९३२ साली प्रांतिक कायदेमंडळात १४८ जागा आपल्या नावावर लागल्या आणि निवडणाऱ्यांत बहुमत दुसऱ्यांचं. गुलामी आणि राखीव जागा एक नव्हेत. पण डोकं आमचं आणि हिशोब त्यांचा, ही खोड ओळखायला शिका.

आता या कोरेगावाच्या सवालाकडे. जून १८१२ मध्ये अमेरिका आणि इंग्रज पुन्हा भिडले. एप्रिल १८१४ मध्ये इंग्रज नौदलाच्या कोक्रेनने जाहीर केलं की आमच्याकडे या, मोकळे व्हा. सुमारे चार हजार गुलाम बायकापोरांसह निघून आले. काहींनी बंदूक घेतली. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनवर चाल झाली, राष्ट्राध्यक्षाचा वाडा जळाला, त्या चालीत हे काळे शिपाईही होते. त्यांना देशद्रोही म्हणणार? ज्या देशाने तुला बाजारात मांडलं, त्या देशाशी तुझं नातं कोणतं?

पुण्याच्या पेशवाईत गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. त्या माणसाच्या हाती १८१८ साली बंदूक आली. कोरेगावच्या स्तंभावर २२ महारांची नावं कोरली आहेत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले ते इंग्रजांची आरती करायला नव्हे. आम्ही लढू शकतो, हे सांगायला गेले.

पण दोस्तांनो, इंग्रजाला मायबाप म्हणू नका. त्याच्या कॅरिबियन बेटांवर तेव्हा उसाच्या मळ्यांत गुलामच राबत होते. लढाई संपल्यावर त्याने अमेरिकेला नुकसानभरपाई कबूल केली, १८२६ साली १२ लाख डॉलरच्या वर. भरपाई कोणाला? पळून आलेल्या गुलामाला? नाही, त्याच्या मालकाला! आणि इथं १८९२ साली याच इंग्रजाने महारांची सैन्यभरती बंद केली. गरज होती तोवर शिपाई, गरज सरली की अस्पृश्य.

पुढे अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाला. १८३० साली त्याने आदिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलायचा कायदा केला. १८३८ मध्ये चेरोकींना बंदुकीच्या धाकावर चालवत नेलं, वाटेत हजारो मेले. मोकळ्या केलेल्या जमिनीवर कापूस आला आणि कापसासाठी गुलाम आले. १८६१ साली तिथं यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर बसली. मुलूख १८५३ पासून त्याच्याच कारभारात होता. पांढऱ्या सोन्याची गोष्ट आपल्याला मोठ्या कौतुकाने सांगतात. निंदण करणारी, बोंडं वेचणारी बाई कोणाची आणि सातबारा कोणाचा, हे सांगत नाहीत.

जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. १९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहिलं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांना जमिनीसाठी रस्त्यावर आणलं. हा एकच धागा आहे. तो सोडू नका.

म्हणून पुढच्या वेळी कोणी विचारलं, "तुम्ही कोणाकडून लढलात?" तर त्यालाच विचारा: तुझ्या राज्यात माझ्या बापाच्या नावावर किती जमीन होती? पाणवठा होता का? तहावर त्याची सही होती का? आणि एवढ्यावर थांबू नका. आपल्या गावच्या गायरानाचा कागद काढा. कोलामाच्या पोडावर जा, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली कोणाचा दावा कुठं अडकला ते लिहून आणा. आता कागदावर सही आपली पाहिजे.