सास्तूरच्या भिंती आणि पुनर्बांधणीचा पैसा

जागतिक बँक १९४४ साली स्थापन झाली ती मुळात युद्धाने उद्ध्वस्त झालेले देश पुन्हा उभे करण्यासाठी. तिचे पहिले कर्ज १९४७ मध्ये फ्रान्सला मिळाले, २५ कोटी डॉलरचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात मराठवाड्याच्या किल्लारी-सास्तूर पट्ट्यातली गावेच्या गावे आडवी झाली. त्यानंतर याच बँकसमूहाने महाराष्ट्राला जवळपास तेवढ्याच आकड्याचे कर्ज दिले.

माणसे गेली ती माळवदाखाली. मातीत रचलेल्या दोन-अडीच फुटी दगडी भिंती, त्यांच्या आतल्या-बाहेरच्या थरांना सांधणारा आरपार दगड क्वचितच, आणि वर मातीचे जड छत, म्हणजेच माळवद. हादऱ्याने थर सुटले आणि भिंती फुगून कोसळल्या.

५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घर किती मोठे, हे जमिनीवरून ठरले. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्यापुढे ७५०. हा निर्णय अन्यायाचा होता. घरात माणसे किती, हे विचारायला हवे होते. गुरे, कडबा, अवजारे यांची सोयही अपुरी राहिली. लोकांनी पुढे आपापल्या परीने खोल्या वाढवल्या, पण अनेक ठिकाणी त्या वाढीव भिंतींत भूकंपरोधक पट्टे नव्हते.

खरे शिकण्यासारखे काम जी गावे हलवली नाहीत, तिथल्या घरांच्या दुरुस्तीत झाले. १३ जिल्ह्यांतल्या सुमारे दोन लाख घरांसाठी प्रत्येकी साधारण १७ हजार रुपयांचे अनुदान होते. पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती पडत आणि काम तो स्वतः करून घेई. भिंतीला आरपार भोक पाडायचे, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचे, की दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. हे काम गावच्या गवंड्याच्या आवाक्यातले आहे. ते घरोघरी समजावून सांगायला गावातल्याच स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. एवढ्या मोठ्या कर्जात या समजावण्यावरचा खर्च किरकोळ, पण सर्वांत मोलाचा.

नुसता पैसा ओतून हे साधत नाही. अफगाणिस्तानात अमेरिकेने दोन दशकांत पुनर्बांधणीवर सुमारे १४,५०० कोटी डॉलर खर्चले. निधी मुदतीत संपवण्याची घाई आणि देखभालीची तरतूद नसलेल्या इमारती, हे तिच्याच तपासनिसांचे वारंवारचे निष्कर्ष आहेत.

महाराष्ट्रातला भूकंप पुनर्वसनाचा कार्यक्रम १९९८ अखेर आटोपला. कोणत्याही पुनर्बांधणीच्या अंदाजपत्रकात गवंड्यांचे प्रशिक्षण आणि निधी संपल्यानंतरच्या निदान दहा वर्षांची तपासणी यांचा खर्च पहिल्याच दिवशी धरलेला असावा, आणि वाढीव खोलीचा नकाशा घराच्या ताब्याबरोबरच मालकाला मिळावा.